‘मजबूत’ हा शब्द तूर्त कुलुपात ठेव

पत्र असं आहे :

“मॅडम, मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. मूलभूत अभियांत्रिकी या विषयात आम्हाला चार याद्या आहेत : हत्यारं, पदार्थ, तत्त्वं आणि शाखा. चारही तोंडपाठ आहेत, मार्कही बरे पडतात. पण वर्कशॉपमध्ये मी ठोंब्यासारखी उभी असते. गेल्या महिन्यात माइल्ड स्टीलचा 50 मिमीचा चौकोन कानसायचा होता. माझा 49.6 झाला, वर कडाही गोल. सर म्हणाले, भंगार. नंतर व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, स्टीलची पट्टी टेबलाबाहेर धरली आणि विचारलं, ही कमी वाकायला हवी तर काय करशील? मी म्हटलं, जास्त मजबूत स्टील वापरेन. ते नुसते हसले, पुढे काही विचारलंच नाही. ते का हसले? मशिनं असताना हाताने कानसून घेण्यात काय अर्थ आहे? आणि हे जमत नसेल तर मी कोणती शाखा घ्यावी? — ठोंबी”

प्रिय ठोंबी,

(हे नाव तू घेतलंस, मी नाही.)

एक्स्टर्नल हसले ते काही बरं केलं नाही. उत्तर चुकलं की पुढचा प्रश्न विचारायचा असतो. नुसतं हसायचं तर व्हायवा घ्यायचीच कशाला? पण उत्तर चुकलं होतं हे खरं. आणि ते ज्या जागी चुकलं तिथेच तुझे बाकीचे दोन प्रश्नही अडकलेत. म्हणून आधी पट्टी.

300 मिमीची स्टीलची पट्टी घे. एक टोक टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळ आणि 250 मिमी बाहेर राहू दे. स्वतःच्या वजनानंच ती दोनेक मिलिमीटर झुकेल. टोक जमिनीपासून किती उंचीवर आहे ते लिहून ठेव. आता टोकाला 100 ग्रॅमचं वजन टांग आणि पुन्हा मोज. टोक आणखी साधारण 12 मिमी खाली गेलेलं दिसेल. हे मी करून पाहण्याआधीच कसं सांगते? तुझ्या पाठ असलेल्या सूत्रानं. वाक म्हणजे भार गुणिले लांबीचा घन, भागिले तीन गुणिले यंग मापांक गुणिले आडव्या छेदाचा जडत्वाचा मोमेंट. (यंग मापांक सांगतो पदार्थ किती ताठ आहे, हा मोमेंट सांगतो छेदाच्या आकारामुळे पट्टी किती ताठ होते.) 100 ग्रॅम म्हणजे जवळपास 1 न्यूटन. स्टीलचा यंग मापांक 200 गिगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 2,00,000 न्यूटन. पट्टी 25 मिमी रुंद आणि 1 मिमी जाड, म्हणून मोमेंट 25 गुणिले जाडीचा घन भागिले 12, म्हणजे 2.08. वर 250 चा घन 1,56,25,000, खाली 3 × 2,00,000 × 2.08. उत्तर साडेबारा मिलिमीटर.

आता या हिशेबात पट्टीचं स्टील किती ‘मजबूत’ आहे हे कुठे आलं ते शोध. सापडणार नाही. आला तो यंग मापांक, आणि तो साध्या माइल्ड स्टीलचा, स्प्रिंगच्या स्टीलचा आणि पाणी पाजलेल्या (लाल तापवून झटकन गार केलेल्या) हत्यारी पोलादाचा जवळजवळ सारखाच असतो. कितीही भारीतलं स्टील आण, 100 ग्रॅमला पट्टी तेवढीच वाकणार. फरक पडेल तो वजन वाढवत नेल्यावर : माइल्ड स्टीलची पट्टी एका मर्यादेनंतर वाकडीच राहील, स्प्रिंगच्या स्टीलची पुन्हा सरळ होईल. पण तुला विचारलं होतं ‘कमी वाकायला’, ‘वाकडी राहू नये’ असं नाही.

मग उत्तर काय? “सर, पट्टी उभी धरीन.” एवढंच. उभी धरली की 25 मिमी ही जाडी होते, आणि जाडीचा घन घ्यायचा असल्यामुळे तीच पट्टी 625 पट ताठ होते. साडेबारा मिलिमीटर भागिले 625 म्हणजे 0.02 मिमी. तुमच्या वर्कशॉपमधल्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं लहानात लहान माप, बहुधा एवढाच असेल. म्हणजे हा वाक मोजायला गेलीस तर तुझं उपकरण ‘असेल किंवा नसेलही’ एवढंच म्हणेल. पदार्थ तोच, वजन तेच, फक्त पट्टी नव्वद अंशांत फिरवली. आय आकाराचे गर्डर असतात ते याचसाठी : माल मध्यापासून लांब, वर आणि खाली ठेवायचा.

दुसरं उत्तरही चाललं असतं : बाहेरचा भाग निम्मा करीन. लांबीचाही घनच असल्यामुळे वाक आठव्या हिश्शावर येतो, दीड मिलिमीटरच्या आसपास. तिसरं उत्तर पदार्थ बदलायचं, आणि तिथे बहुतेक मुलं अॅल्युमिनियमला हात घालतात, कारण ‘विमानात वापरतात ना’. अॅल्युमिनियमचा यंग मापांक 70 गिगापास्कल, म्हणजे तीच पट्टी जवळपास तिप्पट वाकेल. ते विमानात गेलं ते हलकं म्हणून : घनता घनमीटरला 2700 किलो, स्टीलची 7850. ताठपणाही एक तृतीयांश आणि वजनही एक तृतीयांश. मग फायदा कुठे? त्याच वजनात तिप्पट जाड करता येतं, आणि जाडीचा घन होतो, तिथे.

म्हणून माझा पहिला सल्ला : सहा महिने ‘मजबूत’ हा शब्द वापरू नकोस. घरी वापर, वर्कशॉपमध्ये नको. आपल्या बोलण्यात तो चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. भाराखाली किती कमी वाकतं तो ताठपणा. किती भाराला कायमचं वाकतं किंवा तुटतं ती बळकटी. ओरखडा किंवा खड्डा किती कमी पडतो तो कठीणपणा. आणि तुटण्याआधी किती मार पचवतं तो चिवटपणा. नायलॉनची दोरी बळकट आहे, पण ताठ नाही. काच चांगली कठीण आहे आणि ताठ म्हणशील तर जवळपास अॅल्युमिनियमइतकी. मारच पचवत नाही, म्हणून आपण तिला नाजूक म्हणतो. तुझ्या पदार्थांच्या यादीत प्रत्येक नावापुढे हे चार रकाने आख आणि स्वतःच्या अंदाजानं भर. चुकशील, चुकू दे. मग पुस्तकातले आकडे बघ.

आकडे बघायच्या आधी हातांनाही बघू दे. नवा लांब खडू घे आणि दोन्ही टोकं धरून पिळ. तो सरळ आडवा तुटत नाही. स्क्रूच्या आट्यासारखा, तिरक्या वळणानं, 45 अंशांच्या आसपास तुटतो. ठिसूळ पदार्थाला ताण सोसत नाही आणि पिळताना जास्तीत जास्त ताण त्याच तिरक्या दिशेला पडतो, म्हणून. माइल्ड स्टीलची सळी पिळून तोडली तर उलट सपाट आडवी तुटते. तुटलेला भाग हातात आला की आधी त्याचं तोंड बघायचं. पुष्कळदा तिथेच सगळं लिहिलेलं असतं. बीड (कास्ट आयर्न) असंच ठिसूळ. दाबाला उत्तम, ताणाला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकंच. मग लेथचा बेड बिडाचा का करतात? त्यातले ग्रॅफाइटचे पापुद्रे थरथर शोषून घेतात. ओळखायचं तर कानसून बघ : चुऱ्यानं बोटं काळी होतात, आणि ठोकलं तर स्टीलसारखं खणखणत नाही, बद्द वाजतं. हे पाठ करायला लागत नाही, एकदा झालं की झालं.

आता कानस. हत्यारांची यादी पाठ करताना ‘कानस : धातू घासण्यासाठी’ एवढंच लिहिलं असशील. ती हातात घे आणि चार रकान्यांतून बघ. कानसेला जॉबपेक्षा, म्हणजे ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यापेक्षा, कठीण असावं लागतं, नाहीतर तिचेच दात घासतील. पोलादाला पाणी पाजून कठीण केलं की चिवटपणा जातो. म्हणून कानस फरशीवर पडली की तुकडा उडतो, आणि म्हणूनच तिनं काही उचकटायचं नसतं. पण मुठीत जाणारं शेपूट मुद्दाम मऊ ठेवतात, ते मोडू नये म्हणून. (मुठीशिवाय कानस धरायची नाही. ते शेपूट तळहातात घुसतं. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही.) छिन्नीचंही तेच : धार कठीण, डोकं मऊ. मऊ डोकं हातोडा खाऊन छत्रीसारखं पसरतं आणि त्याच्या कडेची कपची उडते, म्हणून ते वेळोवेळी ग्राइंडरवर घासून घ्यायचं. हॅक्सॉचं पातं निवडताना कुठल्याही क्षणी निदान तीन दात जॉबवर असले पाहिजेत. पातळ पत्र्याला मोठ्या दातांचं पातं लावलंस तर दात पत्र्याच्या कडेला अडकून मोडतात. पान्याची लांबीसुद्धा उगाच ठरवलेली नाही. 200 मिमीच्या पान्याला हातानं 150 न्यूटनचा हिसका दिला की बोल्टवर 30 न्यूटन-मीटर जातात. पाइप घालून पाना दुप्पट केला की 60. बोल्टला कुठे माहीत, तू पाइप लावलाय म्हणून. तो मानेत तुटतो. हत्यारं, पदार्थ आणि तत्त्वं या तुझ्या तीन याद्या म्हणजे एकच यादी आहे, छापताना तिचे तुकडे झालेत.

आता ‘हातानं कशाला’. कानस पुढे ढकलताना कडा गोल का होतात? हात पुढे जातो तशी कानस जॉबवर झुलते, बागेतल्या सी-सॉसारखी. सुरुवातीला कानसेचं टोक जॉबजवळ असतं आणि मूठ लांब, म्हणून डाव्या हातानं टोकावर जास्त दाबायचं. मध्यावर दोन्ही सारखे. शेवटी उजव्या हाताचा दाब जास्त, डावा जवळजवळ हलका. म्हणजे जॉबभोवतीचे दोन मोमेंट (इथे मोमेंट म्हणजे फिरवणारा जोर) प्रत्येक क्षणी बरोबरीत राहिले पाहिजेत. हे तू कागदावर शंभरदा सोडवलंयस. तुझ्या मनगटांनी एकदाही सोडवलेलं नाही, आणि कडा गोल झाल्या त्या तिथे. व्हाइसची (जॉब आवळून धरणाऱ्या शेगड्याची) उंची कोपराइतकी हवी. उंच असेल तर खांदे दुखतात, खाली असेल तर आपण कमरेतून झुलतो आणि कानसही झुलते. परत येताना दाब सोडायचा, दात पुढे जातानाच कापतात.

आणि 49.6 कसा झाला तेही सांगू का? कड गोल दिसली, ती सरळ करायला आणखी कानसलंस. तिथे सरळ झाली तर गुण्याला (काटकोन तपासायच्या हत्याराला) फटीतून उजेड दिसायला लागला. तो बुजवायला दुसरी कड. शेवटी गुण्या बसला, माप गेलं. सगळ्यांचा पहिला जॉब असाच जातो, माझाही गेला होता. पुढच्या वेळी रफ कानस रेघेच्या 0.3 मिमी अलीकडे थांबव. मग स्मूथ कानस घे, तिला खडू फास म्हणजे दातांत चुरा अडकून ओरखडे पडणार नाहीत, आणि दर दहा हातांना एकदा मोज. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण 0.1 मिमी निघायला किती हात लागतात हे एकदा अंगात भिनलं की आयुष्यभर ड्रॉइंगवर 0.1 लिहिताना हात थांबतो. कॉम्प्युटरवर शून्य पूर्णांक एक लिहायला एक सेकंद लागतो. मशिन चालवणाऱ्याची मात्र त्यावर अख्खी दुपार जाऊ शकते. मशिनं असताना कानसायचं ते यासाठी.

मोजण्याबद्दल एक. वर मी पट्टी 1 मिमी जाड धरली. ती खरं तर 0.9 निघाली तर? जाडीत फक्त दहावा हिस्सा कमी, पण वाक साडेबारावरून सतरा मिलिमीटरवर. गणित बरोबर, पदार्थ बरोबर, तरी उत्तर सदतीस टक्क्यांनी चूक, कारण जाडी डोळ्यांनी मोजली. म्हणून जिथे घन होतो तिथे मायक्रोमीटर, जिथे नुसता गुणाकार होतो तिथे मोजपट्टीही चालते. कुठे किती नेमकं मोजायचं हे सूत्रच सांगतं.

दुसरी गोष्ट माझ्या फजितीची. नोकरीच्या पहिल्या वर्षी 60 मिमी व्यासाचा शाफ्ट लेथवर उतरवला. जॉब चांगलाच तापलेला होता. मायक्रोमीटरनं तिथल्या तिथे मोजला, अगदी मापात. खूश होऊन घरी गेले. सकाळी तपासणीत तोच शाफ्ट 0.03 मिमी लहान, आणि मुभा होती 0.02 ची. रात्रीत कोणी घासला नव्हता. स्टील दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग प्रसरण पावतं. 60 मिमीवर 40 अंशांचे होतात 0.029. हा गुणांक मला कॉलेजात पाठ होता. मोजमापाचं प्रमाणित तापमान 20 अंश सेल्सिअस असतं हेही पाठ होतं. गरम लोखंड हातात असताना यातलं काही आठवलं नाही, म्हणून ‘याद्या पाठ आहेत पण ठोंब्यासारखी उभी असते’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं.

तत्त्वांच्या यादीतलं एकच घट्ट धरायचं तर मी फ्री बॉडी डायग्राम म्हणेन : एखादा भाग वेगळा काढून त्यावर पडणारे सगळे जोर बाणांनी दाखवायचे. 17 जुलै 1981 ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका हॉटेलच्या उंच दालनात टांगते पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. दोन पूल छताला सळ्यांनी टांगलेले होते, एकाच्या खाली एक. मूळ आराखड्यात एकच लांब सळी वरच्या पुलातून आरपार खालच्या पुलापर्यंत जात होती आणि प्रत्येक पूल आपापल्या नटवर बसत होता. एवढ्या लांब सळीवर आटे पाडायचे आणि नट वर चढवायचा हे जिकिरीचं, म्हणून बांधताना सळीचे दोन तुकडे झाले : वरचा पूल छताला टांगला, खालचा पूल वरच्या पुलाला. दिसायला तसंच. पण कल्पना कर, दोन माणसं एकाच दोरीला वर-खाली लटकलीत आणि प्रत्येकानं आपलं वजन आपल्या हातानं धरलंय. आता खालचा दोरी सोडून वरच्याच्या पायाला लटकला. दोरीवरचा भार तोच, वरच्याच्या हातावरचा दुप्पट. वरच्या पुलाखालच्या नटचं हेच झालं, आणि तिथली तुळई फाडून नट बाहेर आला. मूळ आराखडाही नियमात पुरता बसत नव्हता, त्यात हे. त्या एका नटभोवती वर्तुळ काढून बाण काढले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. तू कुठलाही सांधा बघितलास की तो कापून वेगळा काढ, बाण काढ, आणि प्रत्येक बाणाला विचार की तू कुठून आलास.

राहिली शाखा. यावर मी फार लिहिणार नाही, कारण एका चुकलेल्या चौकोनावरून शाखा ठरवायची नसते. टेबल फॅन उघडून बघ (आधी पिन काढ). गुंडाळीतून किती करंट जातो आणि ती किती तापते हे विचारावंसं वाटलं तर इलेक्ट्रिकल. पात्याला पीळ का दिलाय, फॅन घरघरतो का, बुशला तेल कुठून मिळतं हे छळत असेल तर मेकॅनिकल. असे हजारो फॅन सारखेच कसे काढायचे हे डोक्यात आलं तर प्रॉडक्शन. पात्याचं प्लॅस्टिक उन्हात पिवळं का पडतं हे कुतूहल असेल तर पदार्थांची किंवा रसायनाची वाट. आणि फॅन बाजूला ठेवून तो ज्या स्लॅबखाली ठेवलाय तिकडे नजर गेली तर सिव्हिल. (‘सिव्हिल’ म्हणजे मुळात ‘लष्करी नव्हे ते’ एवढंच. अठराव्या शतकात जॉन स्मीटननं स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेतलं तेव्हा आजच्या बहुतेक शाखा त्या एका शब्दाच्या पोटात होत्या.) कुठला प्रश्न तुला झोपू देत नाही ते बघ. जमतं की नाही हे पहिल्या वर्षात कोणालाच कळत नाही, आणि कानस तर कुठल्याही शाखेत गेलीस तरी एक-दोनदा हातात येतेच.

आता त्या भंगाराबद्दल. तुकडा फेकला नसशील अशी आशा आहे. तू 49.6 लिहिलंस, पण टॉलरन्स लिहिला नाहीस. 50 मिमी नेमका असा चौकोन जगात कोणीच कानसलेला नाही. ड्रॉइंगवर 50 च्या पुढे काहीतरी मुभा असते, किंवा खाली कोपऱ्यातल्या चौकटीत सगळ्या मापांसाठी मिळून दिलेली असते. ती ±0.5 असेल तर तुझा जॉब मापात पास आहे आणि भांडण फक्त गोल कडांचं उरतं. ±0.2 असेल तर सर बरोबर. आणि काहीच दिलेलं नसेल, तर सरांना नीट, आवाज न चढवता विचार की किती चालणार होतं. पण जाण्याआधी तुकडा प्रत्येक दिशेला तीन-तीन ठिकाणी मोज, व्हर्नियरचे जबडे मिटवून शून्य बघितल्यानंतर. तो 49.6 तू एकाच ठिकाणी, एकदाच मोजला असणार, असा माझा संशय आहे.